गोखरू म्हणजे नेमके कोणते?

भाद्रपद सरत आला की सोलापूर जिल्ह्याच्या माळरानावर, बांधांवर आणि पायवाटांच्या कडेला जी वनस्पती पिवळी फुले मिरवीत जमिनीला चिकटून पसरलेली दिसते, तिची ओळख आपल्या व्यवसायबंधूंना नव्याने करून द्यावी, असे कोणी म्हणणार नाही. लघुपंचमुळात ती आहे, म्हणून दशमुळात आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात अग्र्य द्रव्ये सांगताना मूत्रकृच्छ्र आणि वात यांचा परिहार करणाऱ्यांत तिला पहिले स्थान दिले आहे. मूत्रविरेचनीय गणात ती श्वदंष्ट्रा या नावाने येते. गोक्षुरादी गुग्गुळ आणि रसायन चूर्ण ही दोन औषधे तर ज्याच्या कपाटात नाहीत असा चिकित्सक आमच्या पाहण्यात नाही. असे असूनही या वनस्पतीविषयी लिहावेसे वाटले, याला कारण आमच्याच हातून घडलेली एक चूक आहे.

काही वर्षांपूर्वी बार्शी तालुक्यातील एक शेतकरी मूत्रकृच्छ्राची तक्रार घेऊन आमच्याकडे आले. वय साठीच्या आसपास, लघवीला अडखळत आणि जळजळ करीत होत असे. आवश्यक त्या तपासण्या करून औषधे दिली. निघताना त्यांनी, घरच्या घरी आणखी काही करता येईल का, असे विचारले. आम्ही सहज सांगून गेलो, की तुमच्या रानात गोखरू असेलच, त्याची वाळलेली फळे ठेचून काढा करून घ्या. आठ दिवसांनी ते परत आले ते कापडी पिशवी घेऊनच. "डॉक्टरसाहेब, काढा करायच्या आधी एकदा दाखवावं म्हटलं," असे म्हणून त्यांनी पिशवी टेबलावर ओतली. लांबट गोल, सर्वांगावर आकडेदार काटे असलेली, टोकाला दोन चोची असलेली आणि पिशवीच्या कापडाला आतून चिकटून बसलेली ती फळे पाहून आम्ही क्षणभर गप्प झालो. ती शंकेश्वराची फळे होती. वनस्पतिशास्त्राच्या भाषेत झँथियम स्ट्रुमेरियम. सोयाबीन आणि कापसाच्या रानात वाढणाऱ्या या तणाला शेतकरी गोखरू म्हणतो, कृषी खात्याच्या तणांच्या याद्यांतही त्याचे नाव गोखरू असेच छापलेले असते. शेतकऱ्याने आमचे म्हणणे शब्दशः पाळले होते. चूक संपूर्णपणे सांगणाऱ्याची होती.

त्यांच्या सोबत त्यांच्या वृद्ध मातोश्री गुडघेदुखीसाठी आल्या होत्या. त्यांनी फळांकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "हेला तर जनावर बी तोंड लावत नाही. तुमाला सराटं पायजेत न्हवं? मग सराटं म्हणा की!"

त्या माउलीचे म्हणणे आम्हाला द्रव्यगुणाच्या एखाद्या व्याख्यानाइतके मोलाचे वाटते, आणि या लेखातून तेच मांडायचे आहे.

मराठी मुलखात गोखरू या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या वनस्पती नांदतात. पहिली आपली शास्त्रोक्त, म्हणजे ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस, बोलीत सराटा किंवा काटे गोखरू, व्यापारात छोटा गोखरू. दुसरी पेडॅलियम म्युरेक्स, म्हणजे मोठे गोखरू किंवा हत्ती चराटे, व्यापारात बडा गोखरू. तिसरी वर सांगितलेली शंकेश्वर अथवा गाडर. तिघींची कुळे वेगळी, रूपे वेगळी, गुण वेगळे. काटेरी फळ एवढेच काय ते साम्य, आणि तेवढ्यावर लोकांनी तिघींना एका नावात बांधले. याचा दोष लोकांना देण्याचे कारण नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने पायात मोडणारे, बैलाच्या खुरात रुतणारे आणि धोतराला चिकटणारे ते सारे गोखरूच. नावाची चिकित्सा करणे हे ज्यांचे काम आहे, त्यांनी ती केली नाही तर मात्र दोष त्यांचा.

निघंटुकारांनी ही चिकित्सा आपल्यासाठी आधीच करून ठेवली आहे. गोक्षुराचे पर्याय आपण परीक्षेपुरते पाठ करतो आणि विसरतो. त्यांतला चणद्रुम हा शब्द घ्या. ज्याची पाने हरभऱ्याच्या पानांसारखी, तो चणद्रुम. सराट्याचे पान संयुक्त असते, समोरासमोरच्या जोडीतले एक पान मोठे व दुसरे लहान, आणि प्रत्येक पानावर बारीक पर्णिकांच्या जोड्या. हरभऱ्याची आठवण यावी असेच ते रूप आहे. हत्ती चराट्याचे पान साधे, जाडसर, रसाळ आणि दंतुर कडेचे. शंकेश्वराचे पान रुंद, खरखरीत आणि खंडित. एका पर्यायाने तिघींचा निवाडा होतो. त्रिकंटक, श्वदंष्ट्रा, गोकंटक ही नावे फळाची. सराट्याचे फळ पिकल्यावर पाच भागांत फुटते आणि प्रत्येक भागाला दोन मोठे व दोन लहान काटे असतात. तो कसाही पडला तरी एक काटा वर राहतोच. घोड्यांच्या आणि हत्तींच्या पायात मोडावेत म्हणून रणांगणावर टाकावयाचे लोखंडी काटे पाश्चात्त्यांनी याच घाटाचे केले, आणि ट्रिब्युलस हे नावही तीन टोकांच्या काट्यावरूनच आले. दोन दूरच्या संस्कृतींनी एका झाडाला एकच नाव द्यावे, याचे आम्हाला मोठे कौतुक वाटते. कार्तिकी वारीला अनवाणी निघालेल्या वारकऱ्यांना मात्र या व्युत्पत्तीची गरज नाही, त्यांना ती टाचेतून कळते.

तिसऱ्या गोखरूविषयी जरा विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण प्रश्न जिवाचा आहे. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये बांगलादेशाच्या सिल्हेट भागात पुरानंतरच्या अन्नटंचाईत गरीब कुटुंबांनी शंकेश्वराची कोवळी रोपे भाजी म्हणून खाल्ली. तिकडे तिला घागरा शाक म्हणतात. ७६ जण आजारी पडले आणि त्यांतील १९ दगावले. उलट्या, मग शुद्ध हरपणे, यकृताची हानी असा तो क्रम होता. कार्बॉक्सिॲट्रॅक्टिलोसाइड नावाचे विष या वनस्पतीच्या बियांत आणि बीजपत्रांच्या अवस्थेतील रोपांत सर्वांत अधिक असते, रोप वाढते तसे पानांतील प्रमाण उतरत जाते. पेशींच्या ऊर्जानिर्मितीवरच ते घाला घालते. चिनी वैद्यकात या फळाचा उपयोग आहे, पण तो भाजून आणि मात्रा सांभाळून, आणि तरीही विषबाधेच्या घटना तेथे नोंदल्या गेल्या आहेत. आमच्या रुग्णाने पिशवी दाखविण्याऐवजी सरळ पातेल्यात ओतली असती तर काय झाले असते, याचा विचार आजही अस्वस्थ करतो.

हे आत्ताच सांगण्याचे आणखी एक कारण आहे. गेल्या काही वर्षांत कृषी विभागाच्या वतीने ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरू लागले आहेत. घोळ, तांदुळजा, कुर्डू, टाकळा, पाथरी यांच्या जुड्या शहरातील लोक हौसेने विकत घेतात. उपक्रम स्तुत्य आहे आणि आपल्या आहारविषयक उपदेशाला पोषकच आहे. या याद्यांत गोखरूची भाजीही असते. ती सराट्याची, हे गावातल्या बाईला ठाऊक असते. शहरातल्या घेणाऱ्याला ठाऊक नसते, आणि एकदा चव आवडली की पुढच्या पावसाळ्यात तो स्वतःच गोखरूची भाजी शोधायला बाहेर पडतो. सराटा आणि शंकेश्वराचे रोप शेजारी ठेवले तर लहान मूलही फरक सांगेल. येथे फसवणूक डोळ्यांची होत नाही, ती नावाने होते. म्हणून तिच्यावरचा उपायही नावातच आहे.

सराट्याची भाजी ज्यांनी खाल्ली नसेल त्यांनी ती जरूर खावी. मृगाचा पाऊस झाल्यावर पंधरा-वीस दिवसांत माळावर तिची पसरट रोपे दिसू लागतात. फुले येण्यापूर्वीचे कोवळे शेंडे खुडून, स्वच्छ धुऊन, बारीक चिरून लसूण आणि हिरव्या मिरचीच्या फोडणीत भिजवलेल्या मुगाच्या डाळीबरोबर परतली की पुरे. वर दाण्याचे कूट घालावे की न घालावे, याविषयी आमच्या घरातच दोन पक्ष आहेत. ज्वारीच्या भाकरीशी ती अप्रतिम लागते. रस मधुर, वीर्य शीत, बस्तिशोधन हे कर्म पाहता दक्षिणायनाच्या आरंभी ती खाण्यात मोठे शहाणपण आहे. दुष्काळात सराट्याची फळे कुटून पिठात मिसळल्याच्या नोंदीही ब्रिटिश अमदानीतील ग्रंथांत आढळतात. एक पथ्य मात्र पाळावे. झाडाला फळे धरल्यावर पाला भाजीसाठी घेऊ नये. दक्षिण आफ्रिकेच्या कारू प्रदेशात सुकत चाललेला सराटा भरपूर चरलेल्या मेंढ्यांच्या यकृताला इजा होऊन उन्हाने त्यांची डोकी सुजतात, असा विकार फार पूर्वीपासून माहीत आहे. त्यात एका बुरशीचाही वाटा असल्याचे आढळले आहे. भाजीची एक जुडी आणि मेंढीची दिवसभराची चराई यांची तुलना होत नाही, परंतु काल आणि मात्रा या दोन शब्दांचे मोल यातून कळते.

आता दुसऱ्या गोखरूकडे, म्हणजे औषधनिर्मात्या बंधूंच्या प्रांतात येऊ. हत्ती चराटे ही विषारी वनस्पती नाही, तीही मूत्रल आहे, स्निग्ध आहे. तिच्या ओल्या फांद्या पाण्यात घुसळल्या की पाणी अंड्याच्या बलकासारखे बुळबुळीत होते, हा गुण अनेकांनी पाहिला असेल. तमिळ मुलखात तिला आनै नेरुंजिल म्हणजे हत्ती नेरुंजिलच म्हणतात आणि सिद्ध वैद्य तिचा स्वतंत्रपणे उपयोग करतात. आमचे भांडण तिच्याशी नाही. तिला तिच्या नावाने विकावे, तिच्या नावाने लिहावे आणि तिच्या गुणांसाठी वापरावे. गोक्षुर म्हणून गोणीत भरू नये, एवढेच म्हणणे आहे.

प्रत्यक्षात काय होते? फार्मसीच्या मागणीपत्रावर 'गोखरू, १ गोणी' असे लिहिलेले असते. काष्ठौषधीचा व्यापारी त्या वेळी जो माल हाताशी असेल तो पाठवितो, आणि बिलावर पुन्हा गोखरूच लिहितो. त्याने खोटे काहीच लिहिलेले नसते! आम्ही स्वतः पूर्वी एका ठिकाणाहून तयार भरड घेत असू. पुढे शंका येऊन अखंड फळे मागविली, तेव्हा गोणीत सराट्यांबरोबर चौकोनी, तळाशी चार काटे असलेली, न फुटणारी फळे निम्म्याहून कमी नव्हती. व्यापाऱ्याला विचारले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "साहेब, दोन्ही गोखरूच की." त्याच्यावर रागावण्यासारखे काही नव्हते. इतकी वर्षे आम्ही कोणता गोखरू रुग्णांना दिला, याचे उत्तर मात्र आमच्यापाशी नाही, आणि गुण आला नाही तेव्हा आम्ही दोष अपथ्याला दिला असेल, अशी दाट शंका आहे.

गोक्षुरादी गुग्गुळाचा शार्ङ्गधरोक्त पाठ डोळ्यांपुढे आणावा. गोखरू अठ्ठावीस पळे, सहापट पाण्यात काढा करून निम्मा उरवावयाचा, त्यात गुग्गुळ सात पळे, आणि त्रिकटू, त्रिफळा व मुस्ता मिळून सात पळे. म्हणजे गुग्गुळाच्या चौपट गोखरू. ज्या औषधाचे नाव, देह आणि बहुतांश वजन एकाच द्रव्यावर उभे आहे, तेथे ते द्रव्य बदलले तर उरते काय? रसायन चुर्णात गुळवेल आणि आवळा यांच्या जोडीने ते तिसरा भाग असते. शुद्ध गुग्गुळाच्या किमतीबद्दल आपण सारे हळहळतो, त्याची प्रत तपासतो, आणि किलोमागे स्वस्त म्हणून गोखरूकडे पाहतही नाही.

भाग कोणता घ्यावा, हा वादही मिटलेला नाही. दशमुळात मूळच अभिप्रेत आहे, हे नावावरूनच उघड आहे. आयुर्वेदिक फार्माकोपियाच्या पहिल्या भागाच्या पहिल्या खंडात गोक्षुराचे मूळ आणि गोक्षुराचे फळ अशी दोन स्वतंत्र प्रकरणे दिली आहेत, यावरून शासनमान्य ग्रंथालाही हा भेद महत्त्वाचा वाटतो हे दिसते. पण सराटा ही एका पावसाळ्याची वनस्पती. तिचे मूळ सुतळीएवढे बारीक. आम्ही एकदा दोन विद्यार्थ्यांसह सकाळचे दोन तास सराटे उपटीत घालविले, तेव्हा मुळांची एक ओंजळही धड भरली नाही, बोटे मात्र भरून आली. टनावारी दशमूळ बनविणाऱ्यांना एवढी मुळे मिळतात यावर आमचा विश्वास नाही. बहुतेक ठिकाणी फळ किंवा पंचांग वापरले जाते, हे या क्षेत्रातील प्रत्येकाला माहीत आहे, आणि वेष्टनावर कोणी तसे लिहीत नाही, हेही.

आमचे मत असे, की दशमुळासाठी पंचांग घेण्यात शास्त्रद्रोह नाही, तो लपविण्यात आहे. अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात एकोणचाळिसाव्या अध्यायात गोक्षुराचे जे रसायन सांगितले आहे, त्यात फळे धरू लागलेले झाड मुळासकट घ्यावे, सावलीत वाळवावे, त्याचे चूर्ण करून त्याच्याच रसाच्या भावना द्याव्यात, असा विधी आहे. मूळ उपयोग वेगळा आहे हे मान्य, पण मूळ आणि पंचांग यांना वाग्भटाचार्यांनी परके मानलेले नाही. जो तज्ज्ञ केवळ मुळाचाच आग्रह धरील त्याच्या निष्ठेचा आम्ही आदर करू, पण त्याने स्वतःच्या फार्मसीचे मूळखरेदीचे बिलही दाखवावे! १९४५ च्या औषध नियमांतील नियम १६१ प्रमाणे वनस्पतिज घटकाचे शास्त्रीय नाव आणि वापरलेला भाग वेष्टनावर असावयास हवा. तेथे 'पंचांग' हा एक शब्द प्रामाणिकपणे छापला तर कोणाचेही काही बिघडणार नाही.

एक विषयांतर करून पुढे जातो. अलीकडे तालमीत आणि जिममध्ये जाणारी तरुण मुले ट्रिब्युलसच्या परदेशी कुप्या घेऊन येतात आणि, हे घेतले तर पौरुष व स्नायू वाढतील ना, असे विचारतात. बल्गेरियातील खेळाडूंच्या निमित्ताने या वनस्पतीची कीर्ती जगभर पसरली. परंतु निरोगी तरुणांवर झालेल्या प्रयोगांत, उदाहरणार्थ ऑस्ट्रेलियातील रग्बी खेळाडूंवरील २००७ च्या अभ्यासात, शक्ती किंवा स्नायू यांत विशेष वाढ आढळली नाही. शिवाय २००८ साली निरनिराळ्या देशांतील सराट्यांच्या रासायनिक घटकांची तुलना झाली, तेव्हा भारत आणि व्हिएतनाम येथील नमुने पूर्व युरोपातील नमुन्यांहून अगदी निराळे निघाले. तिकडच्या सराट्यात भरपूर असणारे काही सॅपोनिन आपल्याकडच्यात नाहीत किंवा अत्यल्प आहेत, तर ट्रिब्युलोसिन आपल्याकडे अधिक. देशभेदाने द्रव्याचे गुण बदलतात, हे आपण पदवीच्या पहिल्या वर्षी शिकतो. वृष्य म्हणून गोक्षुर आपल्याकडे सांगितले आहे, ते रुग्ण पाहून, दुधाबरोबर आणि योग्य मात्रेत. कुपीवरच्या जाहिरातीचे ओझे आपल्या ग्रंथांनी का वाहावे?

देश हा शब्द आला, म्हणून मूळ मुद्द्यावर येतो. सोलापूर हा अवर्षणप्रवण जिल्हा. वर्षाचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, माती कुठे काळी तर कुठे मुरमाड. असला प्रदेश सराट्याला मानवतो. जी वनस्पती आपल्या दाराशी फुकट उगवते, ती आपण परराज्यांतून आलेल्या गोण्यांतून, भेसळीसह, विकत घेतो. आणि इकडे बांधावरच्या त्याच वनस्पतीवर तणनाशकाचा पंप फिरतो. ऊस, डाळिंब आणि सोयाबीन यांच्या क्षेत्रात खुरपणीला माणूस मिळत नाही, मजुरी परवडत नाही, ही शेतकऱ्याची अडचण खरी आहे. तिच्यावर उपदेश करणे आम्हाला शोभणार नाही. पण बांधाची चार हात पट्टी फवारणीतून वगळायला त्याला पैसे मिळाले तर तो ती आनंदाने वगळील. सराट्याला दर मिळाला पाहिजे, इतकाच हा हिशेब आहे.

म्हणून आमची सूचना अशी. जिल्ह्यातील लहान फार्मसीधारकांनी आणि स्वतः औषधे करणाऱ्या वैद्यांनी एकत्र येऊन आपली वर्षाची गोखरूची गरज आधी कागदावर मांडावी. ती गरज बार्शी, मोहोळ, मंगळवेढा, सांगोला अशा तालुक्यांतील ओळखीच्या शेतकऱ्यांना श्रावणातच कळवावी आणि दर ठरवून द्यावा. शरद ऋतूत सर्व कार्यांसाठी सरस औषध गोळा करावे, असे शार्ङ्गधराचार्य सांगतात, आणि सराट्याची फळे नेमकी तेव्हाच पक्व होतात. झाडे मुळासकट काढून ताडपत्रीवर सावलीत वाळवावीत. पंचांगासाठी लागतील तेवढी तशीच बांधून ठेवावीत आणि उरलेली काठीने झोडपून फळे चाळणीने वेगळी करावीत. राष्ट्रीय महामार्गाच्या कडेचा, साखर कारखान्यांच्या सांडपाण्याजवळचा आणि फवारलेल्या बागेतला माल घेऊ नये. माल नेहमी अखंड फळांच्या रूपात घ्यावा, भरड किंवा चूर्ण घेऊ नये, कारण एकदा दळले की तीन गोखरूंचा न्याय डोळ्याने करता येत नाही. शंका आली तर शहरातील शेठ गोविंदजी रावजी आयुर्वेद महाविद्यालयासारख्या संस्थेतील द्रव्यगुणाच्या अध्यापकांकडे नमुना न्यावा. त्यात कमीपणा कसला?

बाहेरून माल घ्यावाच लागला, तर मागणीपत्रावर 'सराटा, ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस, अखंड फळ' असे लिहावे आणि बिलावरही तसेच लिहून घ्यावे. व्यापारी प्रथम कुरकुर करील. दुसऱ्या वर्षी स्वतःहून लिहील, कारण त्याच्याकडे दोन गोण्या दोन नावांनी ठेवण्याची सोय आधीपासून आहे, विचारणारा कोणी नव्हता इतकेच.

आणि चिकित्सकांनी रुग्णाला सांगताना गोखरू हा शब्द तोंडी वापरू नये. सोलापूर भागात सराटा म्हणावे. जेथे सराटा हा शब्द चालत नसेल तेथे त्या गावचा शब्द विचारून घ्यावा आणि शक्य तर वाळलेले झाड दाखवावे. आम्ही आमच्या तपासणीच्या टेबलावर काचेच्या तीन बरण्या ठेवल्या आहेत. एकीत सराटे, दुसरीत हत्ती चराटे आणि तिसरीत त्या दिवशी पिशवीतून आलेली शंकेश्वराची फळे. तिसरीवर लाल शाईने 'हे नव्हे' असे लिहिले आहे. रुग्णांना त्या बरण्यांची गंमत वाटते, विशेषतः सोबत आलेल्या लहान मुलांना, आणि सांगण्याचे कामही सोपे होते.

ते बार्शीचे शेतकरी अधूनमधून येत असतात. त्रास पुष्कळ कमी आहे. गेल्या दिवाळीनंतर ते आले तेव्हा त्यांनी बांधावरचे सराटे झोडून, चाळून, स्वच्छ पोत्यात भरून आणले होते. आम्ही पैसे देऊ केले तर आधी घेईनात. मग त्यांच्या मातोश्रींनी मध्ये पडून बाजारभाव विचारला, मनाशी हिशेब केला आणि त्याहून दोन रुपये अधिक मागून घेतले.